सेकंडहँड हत्ती : जुन्या लक्झरी एसयूव्हीचे आजार आणि औषधपाण्याचा खर्च

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमच्या दादाने, म्हणजे चुलतभावाने, मोबाइलवर एका गाडीचे फोटो दाखवले. २०१२ ची रेंज रोव्हर स्पोर्ट, काळी, डिझेल, ९५ हजार किलोमीटर, दुसरा मालक, दिल्ली पासिंग, किंमत साडेचौदा लाख. "नवीन होती तेव्हा साठ लाखांच्या वरची गाडी ही. आज लोक ज्या किमतीत छोटी एसयूव्ही घेतात ना, त्यात हत्ती मिळतोय हत्ती," दादा म्हणाला. पैसे कुठले ते घरात सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे. काकांनी त्यातून विहिरीचं काम आणि ताईच्या लग्नाचा खर्च बाजूला काढला होता. उरलेल्या १८ लाखांवर दादाचा डोळा होता. "तू मेकॅनिकलचा आहेस. सांग, घेऊ का?"

खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगमध्ये ६८ मार्क पडलेत, डिफरन्शियलची आकृती डोळे मिटून काढता येते, पण "घेऊ का?" हा प्रश्न कुठल्याच युनिटच्या शेवटी नसतो. होस्टेलला परत आल्यावर वर्कशॉपच्या सरांना विचारलं, एक सीनियर ज्या मल्टीब्रँड गॅरेजमध्ये कामाला आहे तिथे दोन शनिवार जाऊन बसलो, आणि डिझाइनची पुस्तकं पुन्हा उघडली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. गाडी दुसरी असेल, ऑडी असेल, बीएमडब्ल्यू असेल, पण हिशोबाची पद्धत तीच.

गाडीचं घराणं

आधी ही गाडी नक्की काय आहे ते बघू. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी-३ आणली आणि २००५ मध्ये रेंज रोव्हर स्पोर्ट. नावं वेगळी, रुबाब वेगळा, पण खालचा सांगाडा एकाच घरातला. मोनोकॉक बॉडी असूनही तिच्याखाली वेगळी लॅडर चॅसी, म्हणजे कंबरेला पट्टाही आणि वर करदोटाही. मजबुती आली, सोबत वजनही आलं. ही गाडी अडीच टनांच्या आसपास भरते. २००९ मध्ये डिस्कव्हरी-४ आली आणि स्पोर्टलाही नवं ३ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं. ही पिढी स्पोर्टमध्ये २०१३ पर्यंत आणि डिस्कव्हरीत २०१६ पर्यंत चालली.

टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हर फोर्डकडून २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरला घेतली आणि २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर-२ ची जुळणी सुरू झाली, हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे "टाटाचीच तर गाडी, पार्ट पुण्यात मिळतील" असा एक गोड गैरसमज असतो. दादाचाही होता. पण ही स्पोर्ट मात्र पूर्ण तयार होऊन इंग्लंडहून जहाजाने आलेली आहे. तिचा बुशसुद्धा बाहेरून येतो आणि त्याच्यावर ड्युटी बसते.

आता या सगळ्या चर्चेचा गाभा. गाडीची किंमत उतरते, पार्टची किंमत उतरत नाही. साठ लाखांची गाडी साडेचौदा लाखांना मिळते, पण तिचा कॉम्प्रेसर, तिचा स्ट्रट, तिचं इंजिन हे आजही साठ लाखांच्याच गाडीचं असतं. सरांनी हे फार सोप्या शब्दांत सांगितलं : "घोडा स्वस्त झाला म्हणून चंदी स्वस्त होत नाही रे."

हवेवर उभी राहिलेली गाडी

या गाडीला चारही कोपऱ्यांवर कॉइल स्प्रिंगऐवजी हवेची पिशवी आहे. बटण दाबलं की गाडी उंच होते, दाबलं की बसते. शोरूममध्ये याच गोष्टीवर माणूस भाळतो आणि दहा वर्षांनी याच गोष्टीवर रडतो.

थोडं गणित करू. गाडी २,६०० किलो धरा. चाकं, हब, ब्रेक वगैरे स्प्रिंगखालचं वजन प्रत्येक कोपऱ्याला ६० किलो वजा केलं तर एका पिशवीच्या वाट्याला साधारण ५९० किलो, म्हणजे सुमारे ५,८०० न्यूटन. पिशवी थेट चाकावर नसून लोअर आर्मवर आतल्या बाजूला बसते, त्यामुळे लिव्हरच्या नियमाने बल वाढतं. समजा दीडपट, म्हणजे ८,७०० न्यूटन. पिशवीचा परिणामी व्यास १२० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ ०.०११३ चौरस मीटर. भागाकार केला की दाब येतो ७.७ बार. गृहीतकं माझी आहेत, पण अंदाज यावा म्हणून पुरेशी आहेत. आपल्या स्कूटरच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. इथे त्याच्या तिपटीहून जास्त दाब एका रबराच्या घडीत कोंडलेला आहे आणि ती घडी प्रत्येक खड्ड्याला उलगडते-मिटते. आपल्याकडच्या रस्त्यावर दिवसाला किती वेळा, ते तुम्हीच मोजा.

रबर थकतं, घडीवर बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू जाते. इथपर्यंत ठीक. खरी गंमत पुढे आहे. कॉम्प्रेसर हा काही सतत चालण्यासाठी बनवलेला नाही. थोडा वेळ चालायचं, टाकी भरायची, थंड व्हायचं, असं त्याचं आयुष्य आखलेलं असतं. पिशवी गळायला लागली की त्याला पुन्हा पुन्हा उठावं लागतं. पिस्टनची रिंग घासते, दाब कमी पडतो, मग आणखी जास्त वेळ चालावं लागतं, मग तो तापतो आणि कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. त्यातच हवेतलं बाष्प शोषणारा ड्रायर भिजून गेलेला असला तर ओल थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. म्हणजे पिशवीवरची केसाएवढी चीर शेवटी कॉम्प्रेसर खाते. कॉम्प्रेसर बदलला आणि चीर तशीच ठेवली तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. गॅरेजमधल्या उस्तादांच्या मते या गाड्यांतली निम्मी वायफळ खर्चाची कामं याच चुकीतून निघतात. सुरुवातीच्या गाड्यांना हिताची कंपनीचा कॉम्प्रेसर होता. पुढे एएमके कंपनीचा बसवू लागले आणि तो जुन्या गाडीलाही सॉफ्टवेअर बदलून चालतो.

आणखी एक बारकावा, जो मला अजिबात माहीत नव्हता. उभी गाडी रात्रीतून अधूनमधून स्वतःच जागी होते आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे तीन आणते, म्हणजे गाडी तिरकी दिसू नये. त्यामुळे सकाळी चारही बाजूंनी सारखी बसलेली गाडी पाहून "चारही पिशव्या गेल्या" असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. एकच गळत असेल. सस्पेन्शनचा फ्यूज काढून गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि संध्याकाळी व सकाळी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. जो कोपरा उतरला तो चोर. मग साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडा आला की पत्ता लागला. चार पिशव्यांचं बिल आणि एका पिशवीचं बिल यात किती फरक आहे ते पुढे येतंच.

बॅटरी कमजोर असली तरी हेच सस्पेन्शन, हँडब्रेक, ट्रॅक्शन असे सगळे दिवे एकदम पेटतात. दिवे बघून घाबरण्याआधी, आणि दिवे नाहीत म्हणून निश्चिंत होण्याआधी, बॅटरीचं व्होल्टेज बघावं.

क्रँकशाफ्ट : ज्याच्यामुळे झोप उडते

बाकीचे आजार म्हणजे सर्दी-पडसं. हा मात्र हार्टचा.

या गाड्यांतलं डिझेल व्ही-६ इंजिन फोर्ड आणि प्यूजो-सिट्रोएन यांनी मिळून काढलेल्या घराण्यातलं. ब्लॉक कॉम्पॅक्टेड ग्रॅफाइट आयर्नचा, म्हणजे साध्या बिडापेक्षा ताकदवान आणि म्हणून पातळ भिंतींचा. आधी २.७ लिटर, ८१ बाय ८८ मिलिमीटर, ४४० न्यूटन-मीटर टॉर्क. मग ३ लिटर, ८४ बाय ९० मिलिमीटर, ६०० न्यूटन-मीटर. टॉर्क ३६ टक्के वाढला, इंजिनाची लांबी तीच. कमी जागेत जास्त काम, म्हणजे बेअरिंगवर भार जास्त. सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त १६० बार दाब धरला तर ८४ मिलिमीटरच्या पिस्टनवर सुमारे ८८,००० न्यूटन येतात. म्हणजे एका स्फोटाला नऊ टनांचा दणका आणि तो पेलायला मध्ये काय, तर तेलाची काही मायक्रॉनची फिल्म.

या इंजिनांमध्ये मेन बेअरिंगचं शेल फिरण्याच्या आणि क्रँक तुटण्याच्या तक्रारी ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सर्वत्र प्रसिद्ध आहेत. २.७ मध्येही, ३ लिटरमध्येही. सगळ्याच गाड्यांचं असं होतं असं नाही, दोन-अडीच लाख किलोमीटर निमूट चाललेलीही इंजिनं आहेत. पण झालं की दुरुस्ती अशी काही राहत नाही.

का होतं? गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं : "या शेलला टँग नाही, म्हणून ते फिरतं." टँग म्हणजे शेलच्या कडेला असलेली ती छोटी जीभ. ओरलला आपण सगळेच हे उत्तर ठोकून देतो, की जीभ शेलला फिरण्यापासून रोखते. सरांनी इथे मला पकडलं. जीभ असते ती जोडणी करताना शेल योग्य जागी बसावं म्हणून. शेलला घट्ट धरतो तो क्रश. शेलचे दोन अर्धे हाउसिंगपेक्षा किंचित मोठे ठेवलेले असतात, कॅप आवळली की ते दाबले जातात आणि घर्षणाने जागेवर राहतात. तेव्हा टँग नसणं हा एकटा गुन्हेगार ठरवता येत नाही. मूळ प्रश्न असा की घर्षणाची ती पकड सुटेल एवढा टॉर्क शेलवर आला कुठून?

उत्तर तेलात आहे. तेलाची फिल्म शाबूत असेपर्यंत शाफ्ट शेलला टेकतच नाही, तरंगतो. फिल्म टिकायला तीन गोष्टी लागतात : चिकटपणा, वेग आणि तेलाचा पुरवठा. जुनं झालेलं तेल, किंवा जिथे धूर गाळणारा फिल्टर आहे तिथे तो जाळून साफ करताना तेलात उतरणारं डिझेल, चिकटपणा कमी करतं. कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर वेग कमी आणि भार जास्त. आणि ब्रिटनमध्ये तेल बदलण्याचं अंतर चक्क २४ ते २६ हजार किलोमीटर ठेवलेलं होतं. फिल्म तुटली की धातू धातूला भिडतो, शेल शाफ्टला चिकटतं आणि त्याच्यासोबत फिरतं. फिरलं की शेलमधलं तेलाचं छिद्र ब्लॉकमधल्या छिद्रासमोरून सरकतं. पुरवठाच बंद. त्याच मार्गाने पुढे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल जात असतं, तेही उपाशी. क्रँक तापते, फटीग क्रॅक सुरू होतो, आणि एखाद्या चढावर धाडकन आवाज होऊन काम संपतं. उस्ताद म्हणाले की बरेचदा आधी काहीच कळत नाही. कधी गरम इंजिनवर हलकी ठकठक, कधी फिल्टरमध्ये चमकणारा बारीक चुरा, बस्स.

म्हणून या गाडीच्या बाबतीत सर्व्हिस बुक हा कागद नाही, तो इंजिनचाच एक पार्ट आहे. दर १०-१२ हजार किलोमीटरला योग्य दर्जाचं तेल बदलल्याची बिलं असतील तर गाडीची किंमत वेगळी, नसतील तर वेगळी. आणि साध्या विम्यात हा खर्च बसत नाही. विमा अपघाताचा असतो, यांत्रिक बिघाडाचा नव्हे.

बाकीचं थोडक्यात

टायमिंग बेल्ट दोन आहेत. पुढचा कॅमशाफ्टचा, मागचा हाय प्रेशर डिझेल पंपाचा. मागच्याला सगळे विसरतात. २.७ लिटरच्या डिस्कव्हरी-३ साठी ब्रिटनमध्ये १,०५,००० मैल किंवा ७ वर्षं, यापैकी जे आधी येईल ते, असं अंतर सांगितलेलं होतं. लोक मैल वाचतात, वर्षं वाचत नाहीत. बेल्ट रबराचा आहे, उभ्या गाडीतही म्हातारा होतो. ९५ हजार किलोमीटरच चाललेली २०१२ ची गाडी या हिशोबाने बेल्टच्या बाबतीत कधीच मुदतीबाहेर गेली आहे. पुढचा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा, आधी ६ गिअरचा, २०११-१२ च्या सुमारास ८ गिअरचा आला. उत्तम गिअरबॉक्स. फक्त "यातलं तेल आयुष्यभर बदलायचं नाही" या वाक्याने त्याचा घात केला. स्वतः झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते. ६ गिअरवाल्यात तळाची प्लास्टिकची ट्रे आणि फिल्टर एकच तुकडा असतो, तेल बदलायचं तर पूर्ण ट्रे बदलायची. या गाडीत ती सरळ बाहेर निघतही नाही. म्हणून बरेच जण त्या जागी लोखंडी ट्रे आणि वेगळा फिल्टर बसवून घेतात. गिअर बदलताना धक्का, ४०-५० च्या वेगाला थरथर, ही तेल मागण्याची भाषा.

३ लिटर इंजिनावरचे प्लास्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड चिरतात, मग टर्बोची हवा बाहेर जाते, ताकद पडते आणि डॅशबोर्डवर परफॉर्मन्स कमी केल्याचा मेसेज येतो. पार्ट छोटा, पण पोचायला वेळ लागतो. टर्बोपर्यंत जायचं असेल तर काही गॅरेजमध्ये अख्खी बॉडीच चॅसीवरून उचलतात, कारण तेच लवकर होतं! लिफ्टवर अधांतरी टांगलेली बॉडी आणि खाली उघडी चॅसी, हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिलं. डायसेक्शन हॉलची आठवण झाली. मेडिकलवाला मित्र एकदा घेऊन गेला होता.

पुढच्या लोअर आर्मचे बुश वजनाने लवकर जातात. खडखड आवाज आणि टायर आतल्या बाजूने खाल्लेला, ही खूण. हँडब्रेक इलेक्ट्रिक आहे, मागच्या डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमचे शू केबलने ओढतो. शूचं ॲडजस्टमेंट बिघडलं की लावताना कर्कश किंचाळतो. तेव्हाच लक्ष दिलं तर काम काही हजारांत होतं, नाही दिलं तर मोटरचं युनिट जातं. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पावसाळ्यात पाणी कार्पेटखाली साठतं, म्हणून कार्पेटखाली हात घालून बघा. पेट्रोलवाली ५ लिटर व्ही-८ कोणी स्वस्तात देत असेल तर तिच्यात प्लास्टिकचे कूलंट पाइप आणि टायमिंग चेनचे टेन्शनर हे दोन वेगळे आजार आहेत. शिवाय ॲव्हरेजचं दुःख. तिच्यावर एवढंच बोलू.

दादाचा हिशोब

आम्हाला त्या गॅरेजमध्ये तोंडी मिळालेले आकडे असे. दुसऱ्या गॅरेजमध्ये, दुसऱ्या शहरात वेगळे मिळतील. एका कोपऱ्याचा एअर स्ट्रट ५५ हजार. कॉम्प्रेसर ७० हजार. दोन्ही टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपसकट १ लाख १० हजार. गिअरबॉक्सचं तेल आणि ट्रे ४५ हजार. दोन्ही लोअर आर्म अलाइनमेंटसकट ६० हजार. हँडब्रेकचं युनिट ६५ हजार. चार टायर ९० हजार. चारही चाकांच्या डिस्क आणि पॅड ८५ हजार. इनटेक मॅनिफोल्ड ५० हजार. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि बॅटरी मिळून ५० हजार. आणि इंजिन बदलायचं झालं तर? उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. "दहा ते बारा लाख. तेही चांगलं जुनं इंजिन मिळालं तर."

आता हे सगळं एकदम होणार नाही. पण काही कामं नशिबावर सोडता येत नाहीत. बेल्ट, गिअरबॉक्सचं तेल, इंजिनचं तेल-फिल्टर-बॅटरी आणि टायर (फोटोत टायर गुळगुळीत दिसत होते) ही कामं गाडी घेतल्या घेतल्या करायची. १,१०,००० + ४५,००० + ५०,००० + ९०,०००, म्हणजे २ लाख ९५ हजार. पुढच्या दोन वर्षांत एक स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि लोअर आर्म निघतील असं धरायला हरकत नाही, ते १ लाख ८५ हजार. एकूण ४ लाख ८० हजार. यात डिझेल, विमा, धुलाई काही नाही.

दादाकडे १८ लाख. गाडी साडेचौदाला घेतली तर उरतात साडेतीन. पहिली अनिवार्य कामं झाली की हातात राहतात ५५ हजार. बरोबर एका स्ट्रटचे पैसे. त्याच्या पुढचं प्रत्येक काम काकांच्या विहिरीतून किंवा ताईच्या लग्नातून.

कागदांचंही बघा. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त का मिळतात? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्ये त्यावर पुन्हा आदेश झाले, पण मधल्या काळात तिथल्या बऱ्याच गाड्या इतर राज्यांत आल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणायची तर एनओसी, इथला रोड टॅक्स (तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, आपण दिलेल्या किमतीवर नव्हे), नवीन नंबर, हे सगळं आलं. शिवाय २०१२ ची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२७ पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून पुनर्नोंदणीची फी साध्या कारला ५,००० झाली, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. दादाने हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

मी "घेऊ नको" म्हणालो नाही. माझं मत असं की गाडी वाईट नाही. चांगली ठेवलेली असेल तर या पैशात असा आराम आणि असा ऑफ-रोडचा दम दुसरीकडे मिळणार नाही. फक्त साडेचौदा हा आकडा वाईट आहे. साडेनऊ-दहाला, सर्व्हिसची बिलं आणि बेल्ट बदलल्याची पावती हातात घेऊन, आठ लाख बँकेत ठेवून, घरात रोजच्यासाठी दुसरी एखादी गाडी असताना ही घेणारा माणूस वेडा नव्हे. इंजिन गेलं तरी आठ लाखांनी निदान सुरुवात होते. दादाच्या घरी दुसरी गाडी म्हणजे ट्रॅक्टर.

त्याने विक्रेत्याला फोन लावला, स्पीकरवर. मी सांगितलेले चार प्रश्न विचारले. बेल्ट कधी बदलले? "कंपनीत सगळं झालंय." बिलं आहेत का? "साहेब, गाडी बघा, बिलं काय बघता." आमच्या रीडरने सगळी मॉड्यूल्स वाचू द्याल का? (साधा दोनशे-तीनशे रुपयांचा ओबीडी रीडर इंजिनचे कोड दाखवतो, सस्पेन्शन आणि हँडब्रेकचे बहुधा नाही. त्यासाठी या गाडीचा खास रीडर लागतो. सीनियरकडे आहे.) यावर बराच वेळ शांतता. शेवटचा प्रश्न, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आमच्यासमोर थंड इंजिन सुरू कराल का? "बघू," म्हणाला, आणि अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला की साडेबाराला देतो.

दोन लाख एका फोनवर उतरले, त्यामुळे दादाचा विश्वास आणखी डळमळला आहे. तरी बघायचं ठरलंय. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं तिथे पोचतोय. आदल्या संध्याकाळी दादा एकटा जाऊन चारही चाकांची उंची मोजून, आकडे लिहून, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून येणार आहे. मी टेप, टॉर्च आणि मेसच्या मावशींकडून भांडी घासायच्या साबणाचं पाणी एका बाटलीत घेतलंय. मावशींनी विचारलं, "कशाला रे?" सांगितलं, गाडी तपासायला. त्यांनी बाटलीत आणखी थोडा साबण घातला.